दान शिकविणारी पाठशाळा



हात सैल सोडला की दान होते, त्याला शाळा कशाला हवी, अशी आपली साधी समजूत असते. देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या वाटीत नाणे टाकताना कोणी पुस्तक उघडून पाहत नाही. परंतु अमेरिकेत गेली पस्तीस-चाळीस वर्षे काही गावांतून आणि महाविद्यालयांतून एक निराळीच शिकवणी चालू आहे. तेथे विद्यार्थ्यांच्या हाती खरा पैसा दिला जातो. गावातील सेवाभावी संस्थांकडून अनुदानासाठी अर्ज मागविले जातात. विद्यार्थी ते अर्ज वाचतात, हिशेब तपासतात, संस्थेच्या दारात जाऊन काम पाहून येतात, आपसांत वाद घालतात आणि शेवटी मते टाकून पैसा कोणाला द्यावयाचा ते ठरवितात. सत्र संपते तेव्हा एखाद-दुसऱ्या संस्थेच्या हाती धनादेश पडलेला असतो आणि बाकीच्यांच्या हाती नकाराचे पत्र. या शिकवणीचा इतिहास आज आपणांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

आम्ही कामगारांत काम करणारे. धनिकांच्या दानाविषयी आमच्या मनात कौतुकापेक्षा संशय अधिक, हे आरंभीच कबूल करून टाकतो. पण संपाच्या काळात मदत-निधी वाटण्याचे काम आमच्याही वाट्याला आले आहे. पुढे अर्जांची चळत, हाताशी अपुरा पैसा आणि दाराशी उभी माणसे, हा प्रसंग आम्ही जाणतो. त्यामुळे त्या परदेशी विद्यार्थ्यांची गोष्ट आम्हांस परकी वाटली नाही.

घेणाऱ्याची पात्रता पाहण्याचा विचार मुळात आपल्याला नवा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार केलेले आहेत. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने त्या खर्चाला कात्री लावली आणि १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढून काही भाग तिकडे वळविला. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला की, या पैशांतून मराठी ग्रंथकारांनाही उत्तेजन मिळावे. जुन्या मंडळींनी गहजब केला. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. त्या वादात तिढा रकमेचा नव्हता. पैसा सार्वजनिक असेल तर त्याचे पात्र कोणी ठरवावयाचे, हा खरा तिढा होता. अमेरिकेच्या इतिहासातही तोच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

तेथील आधुनिक दानविचाराचा आरंभ बहुधा अँड्र्यू कार्नेगीपासून सांगतात. हा स्कॉटलंडमधील हातमागावरच्या विणकराचा मुलगा. घरी दारिद्र्य, म्हणून कुटुंब अमेरिकेस गेले, आणि तेथे तो पोलादाचा राजा झाला. १८८९ साली त्याने संपत्तीविषयी एक निबंध लिहिला. श्रीमंताने आपली मिळकत मुलांसाठी मागे न ठेवता हयातीतच लोककार्यार्थ खर्चावी, असे त्याचे म्हणणे. मात्र भिकाऱ्याच्या हातावर पैसा ठेवणे त्याला मान्य नव्हते. दानात जाणाऱ्या दर हजार डॉलरांपैकी साडेनऊशे डॉलर अविचाराने उधळले जातात, असा अंदाज त्याने त्या निबंधात केला आहे. दान ही विचारपूर्वक, कारखान्याच्या शिस्तीने करावयाची गोष्ट आहे, आणि ज्याने पैसा मिळविला तोच ती उत्तम जाणतो, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

या निबंधाला तीन वर्षे होतात न होतात तोच १८९२ साली त्याच्या होमस्टेड येथील पोलादाच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होता. कारभारी हेन्री फ्रिक याने संघटना मोडण्याचा विडा उचलला होता. ६ जुलै रोजी पिंकर्टन कंपनीचे भाडोत्री शिपाई नदीतून पडावांवर आणले गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे पडली. मागाहून सरकारी फौज आली आणि संघटना मोडली. सहा वर्षांनी, १८९८ साली, त्याच गावाच्या टेकडीवर कार्नेगीच्या देणगीतून भव्य वाचनालय उघडण्यात आले. त्यात सभागृह होते, पोहण्याचा तलावही होता. पण भट्टीपुढे बारा तासांची पाळी करून घरी आलेल्या माणसाने पुस्तक केव्हा उघडावयाचे? अमेरिकन पोलाद-कारखान्यांतील बारा तासांची पाळी १९२३ साली मोडू लागली. कार्नेगीने जगभर अडीच हजारांवर वाचनालये बांधून दिली; त्यांतून कितीतरी गरिबांची मुले शिकली, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. आमच्यासारखा शाळा अर्धी सुटलेला माणूस तर वाचनालयाची निंदा करूच शकत नाही; आमची सारी विद्या फुकट वाचनालयाच्या बाकावरची. तरीही एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. होमस्टेडच्या कामगारांना अगोदर विचारले असते, तर त्यांनी वाचनालय मागितले असते की आठ तासांची पाळी? त्यांचा अर्ज कोणी मागविलाच नव्हता.

दुसरा प्रसंग रॉकफेलरांचा. आपल्या संपत्तीतून मोठे फाउंडेशन काढण्यासाठी त्यांनी १९१० पासून अमेरिकन काँग्रेसकडे सनद मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा १९१३ साली न्यूयॉर्क राज्याकडून ती घेतली. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९१४ रोजी, कोलोरॅडोतील लडलो येथे संपावरील खाणकामगारांच्या तंबूवसाहतीवर हल्ला झाला, तंबूंना आग लागली. खाली खणलेल्या खड्ड्यात आसऱ्याला बसलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. त्या खाणकंपनीची सूत्रे रॉकफेलरांच्या हाती होती. औद्योगिक संबंधांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने, अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांच्या नेतृत्वाखाली, १९१५ साली धाकट्या रॉकफेलरांना आणि वृद्ध कार्नेगीलाही साक्षीला बोलाविले. हा पैसा आला कोठून, तो कोणी वाटावयाचा आणि या वाटणाऱ्यांनी जाब कोणाला द्यावयाचा, असे प्रश्न तेथे भर सभेत विचारले गेले. आयोगाच्या अहवालात अशा प्रचंड न्यासांच्या हाती एकवटणाऱ्या सत्तेविषयी धोक्याची सूचना होती.

अहवाल कपाटात गेले, न्यास वाढत राहिले. १९१७ साली दानावर आयकरात सूट मिळू लागली. या सुटीचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. श्रीमंत जेव्हा करमाफीचे दान करतो, तेव्हा त्यातला काही भाग असा असतो, की जो एरवी सरकारी तिजोरीत जाऊन सर्वांचा झाला असता. म्हणजे अशा प्रत्येक थैलीत ज्याने कधी दान दिले नाही त्याचाही वाटा असतो. १९६९ च्या कायद्याने खाजगी न्यासांवर दरवर्षी ठराविक वाटप करण्याचे बंधन घातले गेले, ते याच जाणिवेतून.

आता आपण मुलांकडे येऊ. आणि येथे एका तिसऱ्या कारखानदाराची गाठ पडते. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक गावी विल्यम कीथ केलॉग मक्याच्या पोह्यांचा, म्हणजे कॉर्नफ्लेक्सचा, कारखाना चालवीत असे. १९३० साल, मंदी सुरू झालेली, लोक बेकार. त्याने १ डिसेंबर १९३० पासून आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या, म्हणजे एका पाळीइतकी जास्त माणसे कामाला लागली. तासाचा दरही साडेबारा टक्क्यांनी वाढविला, जेणेकरून मजुरीची तूट थोडी भरून निघावी. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर व्यवस्थापनाने पुन्हा आठ तासांकडे ओढ घेतली. परंतु काही खात्यांतील कामगारांनी, विशेषतः स्त्रियांनी, सहा तासांची पाळी चिकाटीने टिकविली. शेवटची सहा तासांची पाळी १९८५ साली बंद पडली. याच केलॉगने १९३० सालीच मुलांच्या कल्याणासाठी फाउंडेशन काढले आणि १९३४ साली त्याला आपल्या कंपनीचे सहा कोटी साठ लाख डॉलरांवर किमतीचे शेअर दिले.

बारा तासांची पाळी ठेवून वाचनालय देणारा एक मालक, आणि मंदीत सहा तासांची पाळी देणारा दुसरा. आमच्या मते केलॉगचे पहिले दान फाउंडेशनच्या आधीचे नव्हे तर फाउंडेशनबाहेरचे होते. ते कोणत्याही दानपत्रात नोंदलेले नाही. हजेरीपटावर मात्र ते दिसत होते.

या केलॉग फाउंडेशनच्या पैशातून १९८८ साली मिशिगनमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. तेथे गावोगाव लोकांच्या देणग्यांवर उभे असलेले सार्वजनिक निधी आहेत. त्यांना ते लोक-फाउंडेशन म्हणतात. मिशिगनच्या न्यासांच्या परिषदेने योजना अशी मांडली, की अशा प्रत्येक निधीने युवकांसाठी कायम ठेव उभी करावी. गावाने आपल्या पदरचे पैसे जमवावेत आणि केलॉग फाउंडेशनने त्यांत आपली भर घालावी. अट एकच, पण मोठी. त्या ठेवीच्या उत्पन्नाचे वाटप मुलांनीच करावयाचे. त्यासाठी बारा ते एकवीस वर्षे वयाच्या मुलामुलींची सल्लागार मंडळे स्थापन झाली. पुढे राज्यभर अशी ऐंशीच्या वर मंडळे उभी राहिली. ही मुले आधी आपल्या भागातील तरुणांना कशाची अडचण आहे याची पाहणी करतात, मग अर्ज मागवितात, वाचतात आणि निवाडा देतात. १९९८ साली त्या राज्याने कायदा बदलून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सेवाभावी संस्थांच्या नियामक मंडळांवर बसण्याची मुभाही दिली. ज्या वयात आपल्याकडे मुलाला सभेत पाणी वाटायला उभे करतात, त्या वयात तेथे त्याला मताचा अधिकार मिळाला.

महाविद्यालयांत ही कल्पना रुजली ती केंटकी राज्यात. ओहायो नदीच्या एका तीरावर सिनसिनाटी शहर आणि दुसऱ्या तीराच्या बाजूला नॉर्दर्न केंटकी विद्यापीठ. १९९९-२००० या वर्षी त्या विद्यापीठाने सिनसिनाटीच्या मेयरसन कुटुंबाच्या फाउंडेशनशी मिळून विद्यार्थी-दानाचा उपक्रम काढला. एका वर्गाला काही हजार डॉलर दिले जात. हा विषय केवळ समाजकार्याच्या वर्गापुरता नव्हता. साहित्य, भाषा, नाट्य, व्यवस्थापन अशा निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांनी तो आपल्या अभ्यासक्रमाला जोडला. एका प्रकारात पैसा वर्गाच्याच ताब्यात असतो. दुसऱ्या प्रकारात एखाद्या देणगीदार संस्थेकडे आलेले अर्ज विद्यार्थी तपासतात आणि शिफारस करतात. निर्णय त्या संस्थेचा.

मग हे लोण पसरले. वॉरन बफे या कोट्यधीशाची बहीण डोरिस बफे हिने महाविद्यालयांना अशा वर्गांसाठी पैसा दिला. २०१३ साली तिच्या फाउंडेशनने घरबसल्या शिकण्याचा असा एक मोफत वर्ग संगणकावर चालविला. त्यात हजारो लोकांनी नाव घातले. टेक्सासमधील एका फाउंडेशनने २०११ पासून मोठमोठ्या विद्यापीठांतील वर्गांना रकमा दिल्या. काही ठिकाणी एका वर्गाच्या हाती लाख डॉलरपर्यंत पैसा आला. ओहायो, मिशिगन व केंटकी या तीन राज्यांत केंद्र सरकारच्या मदतीने एक जोड-उपक्रमही चालला. पण २०११ च्या अंदाजपत्रकात काँग्रेसने त्या सरकारी योजनेचा पैसाच बंद केला. २०१२ साली इंडियाना विद्यापीठाने तर लोकोपकार या विषयाचे स्वतंत्र महाविद्यालयच काढले. या तऱ्हेचे ते जगातील पहिले.

या वर्गात प्रत्यक्ष घडते काय? आरंभी विद्यार्थी मोठ्या उमेदीने बसतात. पैसा वाटावयाचा आहे, मग चिंता कसली? पहिला वाद ध्येयाचा. कोणी म्हणतो भुकेल्यांना अन्न, कोणी म्हणते मारहाण झालेल्या स्त्रियांना आसरा, कोणी म्हणतो मुलांना संगीत. अन्नापुढे संगीताची बाजू मांडणारा विद्यार्थी प्रथम लाजतो, मग पुरावे शोधू लागतो. दुसरी पायरी अर्जांची. संस्था काय करू म्हणते, त्याला किती खर्च, मागील वर्षी काय केले, पैसा संपल्यावर काम चालणार कसे, हे सर्व वाचावयाचे. अमेरिकेत बहुतेक करमुक्त संस्थांना दरवर्षी सरकारकडे नऊशे नव्वद क्रमांकाचे विवरणपत्र भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. ज्याने जन्मात जमाखर्चाचे पान उघडलेले नाही, तो साहित्याचा विद्यार्थी येथे जमाखर्च वाचायला शिकतो. तिसरी पायरी प्रत्यक्ष पाहणीची. कागदावर भपकेदार दिसणारी संस्था जागेवर रिकामी भेटते, आणि शुद्धलेखनाच्या चुका असलेल्या अर्जामागे रात्रंदिवस राबणारी दोन माणसे सापडतात. शेवटची पायरी मतदानाची. आणि सर्वांत कठीण काम मतदानानंतरचे. पाच चांगल्या अर्जांपैकी चारांना नाही म्हणावयाचे आणि तसे पत्र लिहावयाचे.

या वर्गात एक चूक हटकून होते. तिची चर्चा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. विद्यार्थी जमाखर्च पाहतात, त्यात कचेरीखर्च आणि पगार यांचा आकडा मोठा दिसतो, आणि लगेच तो अर्ज बाजूला पडतो. आमचा प्रत्येक डॉलर गरिबाच्या मुखी गेला पाहिजे, असा त्यांचा सात्त्विक आग्रह. पण अन्न शिजविणारी बाई, गाडी चालविणारा माणूस, हिशेब लिहिणारा कारकून, यांनी काय वारा पिऊन जगावे? २०१३ साली अमेरिकेत सेवाभावी संस्थांची माहिती व मूल्यमापन करणाऱ्या तीन प्रमुख संस्थांनी मिळून देणगीदारांना उघड पत्र लिहिले, की केवळ कचेरीखर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नका. आम्ही ही गोष्ट कामगाराच्या भाषेत सांगतो. दुसऱ्याची मजुरी ज्याला उधळपट्टी वाटते, त्याला दान कळलेले नाही. सेवेच्या नावाखाली अपुऱ्या पगारावर राबविली जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या संघटना बांधण्याचाही प्रयत्न केला आहे. मालक म्हणून त्यांच्यापुढे बसलेली माणसे पुष्कळदा सज्जन असतात, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणे अवघड जाते.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. महिने लोटू लागले, तेव्हा आजूबाजूच्या कारखान्यांच्या दारांवर डबा फिरवून मदत-निधी उभा केला. संघटनेच्या जुन्या वर्गणीतील शिल्लकही त्यात घातली. वाटपासाठी पाच जणांची समिती नेमली. आम्ही त्यात होतो. पैसा सर्वांना पुरणारा नव्हता, म्हणून अर्ज छापले: नाव, बिल्ला क्रमांक, घरात खाणारी तोंडे, कमावते हात, थकलेले भाडे. नियम केला की, हजेरीपटावर नाव असेल त्यालाच मदत. नियम सरळ होता, लिहिलेला होता, सर्वांना सारखा होता. आम्हांस त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. वशिला चालणार नाही, नेत्याच्या भावकीला जास्त मिळणार नाही.

एके संध्याकाळी एक बदली कामगार आला. पटावर त्याचे नाव नव्हते, बदलीवाल्याचे नसतेच. आम्ही नियम दाखविला. तो वाद न घालता उठला, कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. समितीतील सर्वांत लहान पोरगा, नुकताच पंचविशी ओलांडलेला, इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "अण्णा, गेल्या वर्षी वर्गणीची पावतीपुस्तके मी फिरवली होती. ह्यानं पावती फाडली होती. बदलीवाल्यांकडून आपण वर्गणी घेतली, तेव्हा पट नाही बघितला."

आम्ही जुनी पावतीपुस्तके काढली. त्याचे नाव होते. त्याच्यासारख्या आणखी कितीतरी बदलीवाल्यांची नावे होती. ज्या थैलीतून आम्ही वाटप करीत होतो तीत त्यांचाही पैसा होता, आणि आम्ही दात्याच्या आविर्भावात त्यांची पात्रता तपासत बसलो होतो. नियम दुसऱ्या दिवशी बदलला. समितीवर दोन बदलीवाले घेतले. त्या माणसाच्या खोलीवर निरोप पाठविला, तर कुलूप होते. बिऱ्हाड गावी गेले होते. टाळेबंदी उठली तेव्हाही तो परतला नाही.

त्या दिवसापासून अर्ज पुढे आला की आम्ही आधी थैलीकडे पाहतो. आणि म्हणून अमेरिकेतील त्या वर्गांविषयी वाचताना, त्यांतील चांगले सर्व मान्य करूनही, एक उणीव आम्हांस जाणवते. तेथील विद्यार्थी अर्जदाराचे सारे कागद तपासतो. पण ज्या थैलीतून तो पैसा देतो तिचे कागद त्याच्यापुढे क्वचितच येतात. हा पैसा कोणत्या कारखान्यात, किती तासांच्या पाळीत, कोणत्या मजुरीवर जमला, करमाफीमुळे त्यात सार्वजनिक वाटा किती, हे प्रश्न वॉल्श आयोगाने १९१५ सालीच विचारले होते. ते वर्गात आले पाहिजेत. त्याने विद्यार्थी कृतघ्न होईल असे नाही. केलॉगची गोष्ट सांगताना त्याला फाउंडेशनच्या आकड्याबरोबर सहा तासांची पाळीही सांगता येईल, आणि त्या कारखानदाराचा मोठेपणा वाढेलच. कार्नेगीची गोष्ट सांगताना वाचनालयाबरोबर नदीतले पडावही सांगावे लागतील.

दुसरी उणीव निवाड्याच्या बाकाची. मागणारा सदैव बाकाच्या पलीकडे आणि शिकणारा अलीकडे. हे असेच असले पाहिजे असे नाही. बोस्टन येथे १९७४ साली श्रीमंत घरच्या काही तरुणांनी वारशाचा पैसा घालून एक निधी काढला आणि त्याला हेमार्केटचे नाव दिले. शिकागोतील हेमार्केट चौकाची १८८६ ची घटना मे दिन पाळणाऱ्या कोणाही कामगाराला सांगावी लागत नाही. या निधीचे वैशिष्ट्य असे, की वाटपाचा निर्णय देणगीदारांनी न घेता, वस्त्यांत प्रत्यक्ष चळवळी करणाऱ्या माणसांच्या मंडळांनी घ्यावयाचा. पैसा दिल्यावर त्यावरील हात काढून घेणे हे त्या तरुणांनी केलेले दान आम्हांस मोठे वाटते.

या विद्येच्या मूल्यमापनाविषयी एक सावधगिरी. केंटकीतील माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीत असे दिसले, की वर्ग सोडल्यावरही त्यांतील पुष्कळ जण दान व स्वयंसेवा करीत राहिले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती त्यांनी स्वतःविषयी सांगितलेली आहे. नाकारलेल्या संस्थांचे पुढे काय झाले, त्यांना या वर्गाविषयी काय वाटले, हेही तितक्याच आस्थेने विचारले जावे. दहा-वीस पानांचा अर्ज लिहिण्यात लहान संस्थेचे कित्येक दिवस मोडतात. विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची फी अशा रीतीने त्या संस्थांनी भरलेली असते. तिची पावती म्हणून नाकाराचे कारण तरी त्यांना नीट लिहून मिळाले पाहिजे.

हा सारा प्रपंच दूरदेशीचा, आपणांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण दुवा जुना आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी १९२५ साली मुंबईस आला आणि त्याने नागपाड्याच्या कामगार वस्तीत सेवाकेंद्र उभारले. त्याच्याच पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशाने १९३६ साली तेथे समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. दान विचारपूर्वक व्हावे, त्यासाठी माणसे शिकवून तयार करावी, हा विचार असा चाळींच्या शेजारीच आपल्याकडे उतरला.

आणि आज तर ही विद्या आपल्याला टाळता येणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, १ एप्रिल २०१४ पासून, ठराविक आकारावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले आहे. महाराष्ट्रातील लहानमोठ्या संस्था त्या पैशासाठी अर्ज लिहितात आणि कंपन्यांच्या खोल्यांतून तरुण अधिकारी ते तपासतात. आपली महाविद्यालयीन मुले उद्या या बाकाच्या एका ना एका बाजूला बसणार आहेत. त्या नफ्यात कंत्राटी कामगाराच्या घामाचा वाटा किती, हे त्यांतील कोणाला शिकविले गेले आहे काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयांनीही असा वर्ग काढावा. त्यासाठी लाख डॉलरांची गरज नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः डबा फिरवून चार-पाच हजार रुपये जमवावे. म्हणजे पैसा कोणाचा हे त्यांना विसरता येणार नाही. गावातील संस्थांकडून दोन पानांवर न मावणारा अर्ज मागू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी ऐकून घ्यावे. निवाड्याच्या बाकावर ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांतील दोघे बसवावे. आणि ज्याला नाही म्हटले त्याच्या दारी जाऊन, त्याच्यासमोर उभे राहून, कारण सांगावे.

हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. आम्हांस ते जमले नाही. आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप होते.